पेन्सिलीतला कस्तूर

२ एप्रिल

वारा आग्नेयेचा, मध्यम. जाळ्यात सकाळी चौदा पक्षी, त्यातले नऊ माशीमार. ही झाली पक्षीनिरीक्षण केंद्राच्या नोंदवहीची भाषा. पण ही वही माझी एकट्याची आहे, तेव्हा आजची खरी बातमी इथे लिहितो: साडू येतोय.

बायकोने जाळ्यापाशीच सांगितलं. मुठीत एक माशीमार उलटा धरला होता, त्याच्या पायात नंबराची कडी घालता घालता म्हणाली, "ताईचा फोन होता. भाऊजी येतायत. महिनाअखेरपर्यंत राहतील."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पक्षी बघायला. या बेटावर माणूस आणखी कशाला येतो?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "पक्षी हातात असताना भांडायचं नाही हं. तो फडफडतो आणि वजन चुकतं."

मी तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. दुकानदुकान हिंडून तराजू तपासले. वजन चुकलेलं मला खपत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. गप्प बसलो. पण अंगाचा तिळपापड झाला तो झालाच. अकरा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही, तो आता माझ्या बेटावर, माझ्या टेबलाशी बसून माझ्या बायकोच्या हातचं सूप पिणार.


३ एप्रिल

झालं काय होतं ते एकदा नीट लिहून ठेवतो. म्हणजे ऐन वेळी मला दयामाया सुचली तर हे पान उघडता येईल.

केंद्रात रोज संध्याकाळी सहाला हजेरी होते. माणसांची नाही, पक्ष्यांची. वहीवाला, म्हणजे हल्ली मीच, एकेका पक्ष्याचं नाव पुकारतो, टेबलाभोवतीचे लोक दिवसभरात किती दिसले ते सांगतात. नेहमीच्या पक्ष्यांचा आकडा सरळ शाईने लिहायचा. दुर्मीळ पक्षी एकट्यानेच पाहिला असेल तर पेन्सिलीने. वहीवाला विचारतो, "आणखी कोणी पाहिला?" दुसरा कुणी "मी पाहिला" म्हणाला की पेन्सिलीवर शाई फिरते. हजेरी मोडली, वही मिटली, की संपलं. दुसऱ्या दिवशी आठवलेला पक्षी या बेटावर कुणी धरत नाही. हा नियम केंद्र सुरू करणाऱ्यांनी घातला, आणि चांगलाच आहे.

अकरा वर्षांपूर्वी एप्रिलातच मी विहिरीच्या भिंतीपाशी पांढऱ्या भुवईचा कस्तूर पाहिला. नर. अंग कोळशासारखं काळं, डोळ्यावर पांढरी भुवई, वाळकी पानं चोचीने उलटत चालत होता. या बेटावर तो त्याआधी कधीच नोंदलेला नव्हता. तीन मिनिटं होता. साडू माझ्या शेजारी उभा होता, हातभर अंतरावर. मी बोट दाखवलं. त्याने दुर्बीण लावली. बरोबर त्याच दिशेला, पूर्ण एक मिनिट. मी मनात मोजलं होतं, मोजायची सवयच आहे.

संध्याकाळी वहीवाल्याने विचारलं, "आणखी कोणी पाहिला?" साडूने ताटातून मान वर न काढता सांगितलं, "मी नाही पाहिला."

तेव्हा तो नोंदी तपासणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता. दोन महिन्यांनी त्याच्या सहीचं पत्र आलं: निरीक्षकाशेजारी उभ्या असलेल्या अनुभवी व्यक्तीला पक्षी दिसला नाही, ही बाब नोंदीच्या विरोधात जाते. खोडरबर फिरला. पुढच्या वार्षिक सभेत मी दारातून आत शिरलो तर मागच्या रांगेतून कुणीतरी शीळ घातली आणि अख्खी खोली हसली. वर्षभर मला लोक 'कस्तूरवाले' म्हणत होते.

त्याने पाहिला होता. स्वतःच्या आधी मला दिसला, हे त्याला सोसलं नाही, एवढंच.


९ एप्रिल

आला. लाँचमधून उतरताना लाँचवाल्याने त्याचा दंड धरला होता. एका बाजूने दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्या एका हातात स्वतःची पिशवी, दुसऱ्या हातात त्याची. बाई आता समितीवर आहेत. अध्यक्षपद सोडून चार वर्षं झाली तरी स्वारीची बडदास्त तशीच आहे. मी धक्क्यावर चार पावलांवर उभा होतो. माझ्याकडे सरळ पाहिलं आणि ओळखसुद्धा दाखवली नाही! बायको पुढे होऊन "या भाऊजी" म्हणाली, तेव्हा कुठे मान तिरकी करून माझ्याकडे वळला. "अरे, साडभाऊ! आहात का तुम्ही?"

"इथेच आहे. अकरा वर्षं," मी म्हटलं.

बायकोने माझा पाय दाबला.


११ एप्रिल

मान तिरकी करून बघण्याची ही नवीन ढब आहे. समोरच्याला सरळ बघायचंच नाही, कडेने मापायचं. दुकानदार माझ्या शिक्क्यांच्या पेटीकडे असेच बघायचे.

चहा ओतताना कपाबाहेर सांडला, पुसला नाही. कुणीतरी पुसेल ही खात्री. बाईंनी पुसला. न्याहारीला भिंतीवरचा हवामानाचा कागद मला वाचायला लावला. "जरा वाचता का, वारा काय म्हणतोय?" मी काय याचा कारकून आहे?

पण आज हजेरीला मजा आली. त्याने 'तुतवार, तीन' सांगितले. खडकावर तेव्हा मीही होतो. तुतवार दोनच, तिसरा दगड होता. मी वही पुढे ओढली. तीन लिहून घेतले. आणि इथे, या वहीच्या शेवटच्या पानावर, वेगळी नोंद केली: ११ एप्रिल, दगडाचा तुतवार केला.

माणूस एकदा चुकला तर चूक. पण रोज चुकत असेल, आणि कुणी ते तारीखवार लिहून ठेवत असेल, तर त्याच्या तीस वर्षांच्या नोंदींचं काय होईल? समितीच्या सदस्या तर इथेच, टेबलाच्या त्या टोकाला बसल्या आहेत.


१४ एप्रिल

शेवटच्या पानावर पाच नोंदी झाल्या. समुद्रपक्ष्याची घार केली. भिंगऱ्या 'चाळीसेक', प्रत्यक्षात सव्वीस. एकदा तर दीपगृहवाला भिंतीवर बसला होता, त्याला हा लांबून "काय साडभाऊ, काय दिसलं?" म्हणाला. दीपगृहवाला माझ्या दुप्पट जाड आहे. मला झोंबलं, पण त्याचा पक्ष्यांशी संबंध नाही म्हणून नोंद घेतली नाही. यादी स्वच्छ हवी.

महिनाअखेरीला, निरोपाच्या हजेरीला वाचून दाखवणार. सगळ्यांसमोर, तारखेसह. आणि मग विचारणार, "आणखी कोणी पाहिलं?"

हे वाक्य दिवसातून दहा वेळा मनात म्हणून बघतो. बरं वाटतं.


१६ एप्रिल

बायको सकाळी म्हणाली, "आज कड्यावर भाऊजींबरोबर तुम्ही जा. एकट्याने सोडू नका."

"ते काय तान्हं बाळ आहेत?"

"मी सांगतेय ना. जा."

तिची त्याच्या बाजूची ही वकिली मला कळत नाही. बहिणीचा नवरा म्हणून एवढं? मला खोडून काढलं तेव्हा ही कुठे होती? होती खरं तर, माझ्याच शेजारी होती, आणि रात्रभर रडली होती. पण ते सोडा.

गेलो बरोबर. कड्यावरच्या पायऱ्या सत्तर आहेत, ओबडधोबड, एकीची उंची दुसरीला नाही. मी मुद्दाम भरभर उतरलो. मागून हाक आली, "साडभाऊ, जरा थांबता का?" मी वळून पाहिलं नाही. खाली जाऊन सुरयांचा थवा मोजला, एकशे बारा. अर्ध्या तासाने स्वारी आली. दोन्ही तळवे सोललेले, पँटीला गुडघ्यावर माती.

"पडलात?" मी विचारलं.

"बसत बसत उतरलो," तो म्हणाला. "सुरय किती आहेत हो? आवाजावरून शंभराच्या वर वाटतात."

एक शब्द तक्रारीचा नाही. हा साळसूदपणाच जास्त डोक्यात जातो. घरी बायकोने त्याचे हात धुऊन औषध लावलं आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती लिहिण्यासारखी नाही.


२० एप्रिल

पाऊस नाही, पक्षी नाहीत. नुसता वारा. अशा दिवशी सगळे एकमेकांना नकोसे होतात.

दुपारी ओसरीवर तो आणि डॉक्टरीणबाई. तो बोलतोय, बाई लिहून घेतायत. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने जवळून गेलो तर दोघं गप्प. आत्मचरित्र सांगत असावा. त्यात माझा कस्तूर नसणार, पैज लावतो.

बायकोला म्हटलं, "तुझे भाऊजी लेखनिक ठेवून बसलेत."

ती पक्ष्यांच्या कापडी पिशव्या धुवत होती. म्हणाली, "तुम्हाला सगळं दिसतं हो. दुसऱ्याच्या नोंदीतला एक आकडा चुकला तर तुम्हाला लांबून दिसतो." आणि पिशव्या जास्तच जोरात पिळल्या. कौतुक होतं की टोमणा, मी विचारलं नाही.


२४ एप्रिल

चार दिवस अध्यक्षमहाशय हिंडायलाच जात नाहीत. सकाळी भाजीच्या वाफ्यांपाशी बाकावर जाऊन बसतात ते जेवायलाच उठतात. दुर्बीण मांडीवर, डोळे मिटलेले. म्हातारपणी पक्षी बघण्याची ही उत्तम पद्धत आहे. शेवटच्या पानावर आता अकरा नोंदी झाल्या, पण तो बाहेरच पडेना म्हणून नवीन मिळत नाहीत.

मीच जाऊन म्हटलं, "काय, पक्षी तुमच्याकडे यायचेत का?"

"बघू या," तो म्हणाला. "इथे भिंतीमुळे वारा लागत नाही. ऐकू छान येतं." मग दुर्बीण बाकावर ठेवून, "साडभाऊ, तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

मी म्हटलं, "जाळी बघायची वेळ झाली." नव्हती झाली.


२६ एप्रिल

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येणार.

पहाटेपासून धुकं. असं धुकं वर्षातून एकदा पडतं. समुद्रावरून जाणारे पक्षी वाट चुकून जमीन दिसेल तिथे उतरतात. सकाळी दार उघडलं तर अंगणात, भिंतीवर, कपड्यांच्या दोरीवर, चुलीसाठी रचलेल्या लाकडांवर, जिथे बघावं तिथे पक्षी. दमलेले, माणसाला न घाबरणारे. एक वटवट्या बायकोच्या बुटावर येऊन बसला. तिने दीडशे कड्या संपवल्या आणि जाळी गुंडाळून ठेवली. म्हणाली, "पुरे. त्यांना खाऊ दे आता."

दहाच्या सुमारास मी वाफ्यांच्या मागच्या फरशीवरून येत होतो. भिंतीचं वळण घेतलं आणि थांबलो.

पाच पावलांवर, कोबीच्या रांगेच्या कडेला, तो होता. पांढऱ्या भुवईचा कस्तूर. नर. काळाभोर. वाळकं पान उचललं, बाजूला टाकलं, दुसरं उचललं. अकरा वर्षं मी हा पक्षी डोळ्यांपुढे आणून आणून झिजवला होता. मला स्वतःलाही कधी कधी शंका यायला लागली होती, हे आज पहिल्यांदाच लिहितोय. भुवई अगदी तशीच होती, मागे जरा रुंद होत गेलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग समोर बघितलं. पलीकडे बाकावर साडू. पक्षी आमच्या दोघांच्या बरोबर मधे. कस्तूरने आवाज दिला, बारीक, लांबट, शेवटाला जरा चढणारा. साडू ताडकन ताठ झाला. मान तिरकी केली. तोंड उघडंच राहिलं. दुर्बीण हातात घेतली, मग पुन्हा मांडीवर ठेवली. म्हणाला, "कोण आहे तिकडे? कोणी आहे का?"

मी श्वाससुद्धा घेतला नाही.

कस्तूर भुर्रकन भिंतीपलीकडे धुक्यात गेला. मी पावलं न वाजवता मागे फिरलो.

सहाला हजेरी. एकशे चौदा जाती, दोन तास लागले. कस्तूर वर्गाशी आलो. नेहमीचे झाले. मी पुकारलं, "आणखी काही?"

साडू म्हणाला, "पांढऱ्या भुवईचा कस्तूर. एक." चमचे थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लगेच दुसरीकडे. "मी ऐकला," तो पुढे म्हणाला, "पाहिला नाही. वाफ्यांपाशी, दहाच्या सुमारास. आवाज तोच, शंका नाही."

मी पेन्सिल घेतली. सुवाच्य अक्षरात लिहिलं. आणि मग, ज्या वाक्याची मी बारा दिवस तालीम करत होतो, ते म्हटलं, "आणखी कोणी पाहिला?"

दीपगृहवाला म्हणाला, नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही, आणि फार हळहळल्या. बायकोने मान हलवली. साडूने तिरकी मान करून माझ्या बाजूला तोंड केलं आणि तसाच राहिला. बराच वेळ. माझा चेहरा वाचत असावा. वाच म्हटलं, हवं तेवढं वाच.

मी म्हटलं, "कोणी नाही." वही मिटली.

फिटली! अकरा वर्षांची परतफेड, तीच खोली, तोच पक्षी, तेच शब्द. सूप दोन वाट्या प्यालो.


२७ एप्रिल

धुकं गेलं. पक्षीही गेले. दोरीवर एकही नाही.

न्याहारीनंतर डॉक्टरीणबाई एक पत्र घेऊन आल्या. म्हणाल्या, "बेटावरून समितीला काही जायचं असेल तर वहीवाल्याची सही लागते. ते स्वतःच देणार होते तुम्हाला, पण तुम्ही वेळ देत नाही म्हणाले." पत्र बाईंच्या अक्षरात होतं. खाली साडूची सही, ओळ सोडून उतरत कागदाच्या कडेला गेलेली. तारीख वीस एप्रिल.

मजकूर जसाच्या तसा उतरवतो.

'अकरा वर्षांपूर्वी विहिरीपाशी माझ्या साडूंनी मला पक्षी दाखवला, तेव्हा माझ्या उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग पडलेला होता आणि डाव्यात सुरुवात झाली होती. मी दुर्बीण लावली. मला कडेची झाडी दिसली, मधलं काही दिसलं नाही. मी पाहिला नाही म्हणालो ते खरं होतं. का पाहिला नाही ते मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर अध्यक्षपद गेलं असतं आणि माझ्या नोंदीही तपासल्या गेल्या असत्या. माझ्या न दिसण्याचा उपयोग त्यांच्याविरुद्ध केला गेला, आणि तो मीच केला. तेव्हापासूनच्या माझ्या सर्व एकट्याच्या नोंदी रद्द कराव्यात. त्यांच्या नोंदीचा पुन्हा विचार व्हावा.'

मी दोनदा वाचलं. बाई बोलत होत्या. आता तुमच्या साडूंना समोरचा चेहरा दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. तुमच्या मेहुणीबाईंना आणि तुमच्या मिसेसना माहीत आहे, साडूंनीच कुणाला सांगू नका म्हणून त्यांना शपथ घातली होती.

"मी त्यांना आधीच म्हटलं होतं," बाई म्हणाल्या, "की विरोध मागे घेतला म्हणून खोडलेली नोंद उभी राहत नाही. तोच पक्षी याच बेटावर पुन्हा कुणी पाहिला आणि पक्का झाला, तरच समिती जुनी नोंद उघडते. तर म्हणाले, मग मी ऐकत बसतो. तुमच्या तेव्हाच्या वर्णनात आवाज लिहिलेला आहे ना, ते वर्णन मी त्यांना चार-पाच वेळा वाचून दाखवलं. पाठ केलं त्यांनी. तेवढ्यासाठी रोज बाकावर बसत होते. आणि काल ऐकलासुद्धा! पण नुसता ऐकलेला समिती धरत नाही. एकाने, एकाने जरी काल पाहिला असता ना हो..."

मी सही केली. बाई गेल्या. मी जाळ्यांच्या वाटेने निघालो आणि कुठवर गेलो आठवत नाही.

माझ्या कस्तूरचा गळा मीच दाबला होता. काल, सुवाच्य अक्षरात.

बायकोला गाठलं. सगळं सांगितलं. ती खाली बसली. "तुम्ही पाहिलात? पाच पावलांवरून? आणि गप्प बसलात?"

"तू मला आधी सांगितलं असतंस, त्यांचे डोळे असे झालेत म्हणून, तर..."

"तर काय केलं असतंत?" ती म्हणाली. "पायऱ्यांवर थांबला असतात?"


२७ एप्रिल, हजेरीनंतर

आजची हजेरी पंधरा मिनिटांत संपायला हवी होती. वही उघडायच्या आधीच मी म्हटलं, "कालचा कस्तूर मी पाहिला होता."

खरं लिहितो, पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. माझा पक्षी मला परत हवा होता. त्याच्यासाठी थोडं तोंड काळं झालं असतं तर चालणार होतं.

मी सांगत सुटलो: कोबीची रांग, पाच पावलं, भुवई मागे रुंद होत गेलेली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आज सकाळी मी तुम्हाला नियम सांगितला. काल एकाने पाहिला असता तर तुमची जुनी नोंद उघडली असती, असं मी म्हणाले. आणि आज संध्याकाळी तुम्ही म्हणता की काल पाहिला. मी समितीला काय सांगू?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीस वर्षं मी लबाड दुकानदार पकडले, ऐन तपासणीच्या दिवशी ज्यांना खरं वजन सापडायचं असे. त्यांच्या तोंडावर मी हसायचो. दीपगृहवाला ताटात बघत होता. त्याच्या मनात काय चाललंय ते मला न मोजताही कळत होतं.

"शिवाय हजेरी मोडल्यावर सांगितलेलं धरत नाहीत," मीच म्हणालो.

तेव्हा साडू बोलला. "ते होते तिथे."

सगळे त्याच्याकडे वळले.

"मागच्या फरशीवरून बूट वाजत आले आणि थांबले. त्यांचेच बूट. डावा जरा घासतो. मी हाक मारली, उत्तर आलं नाही. कस्तूर तेव्हा मधे पानं उलटत होता. तो उडाला, मग बूट मागे गेले, हळूहळू." त्याने पाण्याचा पेला चाचपून हातात घेतला. "काल हजेरीला मी वाट बघत होतो. म्हटलं, सांगतील."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" बायकोने विचारलं.

"हो." मग माझ्या बाजूला तोंड करून म्हणाला, "साडभाऊ, अकरा वर्षं तुम्ही लोकांना सांगत होतात की मी पाहून गप्प बसलो. माझ्या कानावर यायचं. मी बायकोला म्हणायचो, माझी चूक आहे, मोठी चूक आहे, पण पक्षी डोळ्यांनी बघायचा आणि नाही म्हणायचं, असं कुठला पक्षी बघणारा करेल? हे त्यांच्या मनात तरी कसं येतं? मला खरंच कळायचं नाही." पेला खाली ठेवला. "काल कळलं."

आवाज चढवला नव्हता. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला किती बरं झालं असतं.


३० एप्रिल

लाँच आली. त्याला धक्क्यापर्यंत मीच नेलं. दंड धरायला गेलो तर म्हणाला, "तुम्ही पुढे चला, नुसते बूट वाजवा. मी येतो." चाळीस पावलं. मी एकेक वाजवत गेलो.

पत्र त्याच्याबरोबर गेलं. त्यात बाईंनी काही जोडलं का, विचारायची हिंमत झाली नाही. त्या अजून आठवडाभर आहेत. नोंदवही मी काल त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. नको म्हणतील असं वाटलं होतं. घेतली.

शेवटचं पान फाडलं. अकरा नोंदी. दगडाचा तुतवार केला, वगैरे. फाडताना पुन्हा राग आला, त्याचा नाही, कुणाचा ते सांगता येत नाही.


१ मे

वारा पश्चिमेचा, हलका. पक्षी थोडे. सकाळी मी आणि बायको विहिरीपर्यंत गेलो होतो.

हजेरी बाईंनी घेतली. त्यांचं अक्षर बारीक आहे. "धोबी?" त्यांनी पुकारलं.

"सहा," मी म्हटलं. "विहिरीच्या कट्ट्यावर."

धोब्यासारख्या रोजच्या पक्ष्याला दुजोरा लागत नाही. या बेटावर कधीच लागला नव्हता. बाईंचं पेन कागदावर टेकलं, आणि पुन्हा उचललं गेलं. मान वर न करता, जरा ओशाळूनच, त्यांनी विचारलं, "आणखी कोणी पाहिले?"

दीपगृहवाल्याने पाव मोडला. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्या शेजारीच होती सकाळी, हातभर अंतरावर. तिने हातातली वाटी पुसली, पालथी घातली, फडकं घडी करून त्यावर ठेवलं.

"मी पाहिले," ती म्हणाली. "चार होते."

बाईंनी चार लिहिले.